कोथरूडातली फ्रेंच बेकरी: बगेट झकास, क्रोसाँ मात्र सकाळीच खा

नाव टाकत नाही, मालक स्वतः गल्ल्यावर असतात आणि माणूस गोड आहे. गेल्या वर्षी पॅरिसला आठ दिवस होतो तेव्हा रोज सकाळी खाली उतरून गरम बगेट, म्हणजे लांब दांड्यासारखा कडक सालीचा फ्रेंच पाव, आणायचो आणि हॉटेलवर पोचेपर्यंत टोक खाऊन संपलेलं असायचं, तिथे बरेच जण तसंच करतात त्यामुळे लाजबिज काही नाही. तिकडे १९९३ पासून नियमच आहे, 'ट्रॅडिशन' ह्या नावाने बगेट विकायचा तर ॲडिटिव्ह चालत नाहीत आणि मळलेलं पीठ फ्रीझही करायचं नाही. २०२२ ला तर युनेस्कोने बगेट बनवायची कला वारसा यादीत घेतली.

तर इथला बगेट खरंच जमलाय हो! दाबला की कुरकुर वाजतो आणि आत अनारशासारखी जाळी. आईने चहात बुडवून खाल्ला आणि म्हणाली खारीपेक्षा बरा आहे, आमच्या घरात ह्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही.

क्रोसाँचं, म्हणजे त्या पदरांच्या चंद्रकोरीसारख्या पेस्ट्रीचं, मात्र काय करावं. दुपारी चारला गेलो तर मायक्रोवेव्हमध्ये गरम करून हातात दिला, लोण्याचे सगळे पदर एकमेकांना चिकटून पार रबर, आणि त्याचे १४० रुपये. मालकांना म्हटलं तर म्हणे काका, सगळे गरमच मागतात. आता ह्यावर काय बोलणार.

सकाळी साडेआठच्या आत जा, पार्किंगचं विचारू नका.