सबलीजच्या नावाखाली माझे ३१,००० डॉलर लुबाडले: इंडियानापोलिसमध्ये गोदाम शोधणाऱ्यांनो, सावध राहा

आय-६५, ६९, ७० आणि ७४ हे महामार्ग इंडियानापोलिसमध्ये एकत्र येतात, विमानतळाला लागून फेडएक्सचं मोठं केंद्र आहे, म्हणून प्लेनफिल्ड आणि व्हाइट्सटाउनकडे गोदामंच गोदामं. पण ती लाख-लाख चौरस फुटांची. माझ्यासारख्या किराणा माल आणणाऱ्याला १२,००० चौरस फूट कोण देणार? मग सबलीज, म्हणजे आधीच्या भाडेकरूकडून पोटभाड्याने जागा, शोधावी लागते. मला अशी जागा देतो म्हणणाऱ्या त्या हरामखोराला ही अडचण पक्की ठाऊक होती.

भाव वर्षाला चौरस फुटामागे ६ डॉलर, वर ट्रिपल नेटचे, म्हणजे मालमत्ता कर, विमा आणि देखभालीचे, १.७५. म्हणजे महिना ७,७५०. पहिला महिना, शेवटचा महिना आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट मिळून ३१,०००. स्वस्तात मिळतंय म्हणून मी धावलो असं कोणी म्हणू नये, दर बाजाराला धरूनच होता. जागा त्याने स्वतः दाखवली. माल चढवण्या-उतरवण्याच्या डॉकचं शटर वर केलं, ट्रक आणि गोदामाची पातळी जुळवणारा लेव्हलर खाली-वर करून दाखवला, आत फोर्कलिफ्ट फिरत होती. यावर कोण संशय घेईल?

मूळ मालकाचं संमतिपत्र मी मागितलं होतं. "सही झालीये, सोमवारी येईल," म्हणाला. आणि बँकेतून पैसे वायर करायच्या (पाठवायच्या) कागदावर लीजवरच्या कंपनीचं नाव नव्हतं. त्याच नावापुढे 'होल्डिंग्ज' लावलेली भलतीच एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) होती. तो एक शब्द! विचारलं, तर म्हणे भाडं आमची हीच कंपनी गोळा करते. इथे एकेका इमारतीची वेगळी एलएलसी असते, त्यामुळे ते खपून गेलं. इनबिझवर, म्हणजे इंडियाना राज्याच्या कंपनी नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर, ते नाव टाकायला पैसा पडत नाही. टाका. प्रत्येक वेळी टाका.

रॅक घेऊन ट्रक पोचला तेव्हा दाराला नवं कुलूप. मालकाचा माणूस म्हणाला, याने महिनोन्‌महिने भाडं थकवलंय, लेखी संमतीशिवाय सबलीज चालत नाही, तुमचा-आमचा करारच नाही. रॅकचे ४,२०० वेगळे गेले.

पोलिसांनी कागद उघडूनही पाहिले नाहीत: "हा दिवाणी वाद आहे." परवान्यांच्या सरकारी कार्यालयाने सांगितलं, त्याच्याकडे दलालीचा परवानाच नाही, म्हणून तो आमच्या कक्षेत येत नाही. म्हणजे विनापरवाना लुटलं की सुटका! बँक म्हणते, वायर तुम्हीच केलीत. ऑनलाइन तक्रारीचा एक क्रमांक मिळाला, पुढे चिडीचूप. डिपॉझिट परत मिळवून देणारा इथला कायदा राहत्या घरांपुरता, धंद्याच्या जागेला तो लागू नाही. वकिलाने आधीच सांगितलं की खटल्याचा खर्च वसुलीपेक्षा जास्त होईल. कर मात्र सगळे वेळेवर हवेत यांना!

संमतिपत्र मालकाकडूनच घ्या, मधल्या माणसाच्या ईमेलवरून आलेलं धरू नका. मालक कोण, ते काउंटीच्या नोंदीत पाहा; प्लेनफिल्डसाठी हेंड्रिक्स काउंटी. मूळ लीज पूर्ण वाचा. भाडं थकलेलं नाही असं मालकाने लिहून दिलेलं एस्टॉपेल सर्टिफिकेट मागा. डिपॉझिट वकिलाच्या एस्क्रो खात्यातच (अटी पूर्ण होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या खात्यात) ठेवा. पैसे गेलेच, तर त्याच तासाला बँकेला वायर परत बोलवायला सांगा.

याच पद्धतीने आणखी कोणाला लुबाडलं असेल तर लाजू नका, मला कळवा. माझी एकट्याची तक्रार त्यांनी दिवाणी म्हणून झटकली. पाच जणांची एकत्र गेली तर झटकणं सोपं जाणार नाही.