सखी केंद्र: छप्पर पाच दिवसांचं, कागद वर्षभर पुरणारे

जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या सरकारी ‘सखी’ वन स्टॉप सेंटरबद्दल विदर्भातल्या गावांत दोन समज पक्के आहेत. तिथं गेलं की नवऱ्याला उचलून जेलात टाकतात, हा एक. नुसती समजूत घालून सासरी परत धाडतात, हा दुसरा. दोन्ही खरे नाहीत. १ एप्रिल २०१५ पासून सुरू असलेल्या या योजनेत एकाच जागी पाच गोष्टी मिळायला हव्यात: दवाखाना, पोलिसांची मदत, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता मुक्काम. पैसे लागत नाहीत, कोणाची चिठ्ठी लागत नाही, आणि लग्नाचा दाखला नाही म्हणून बाईला परत पाठवता येत नाही. लग्नाशिवाय नवरा-बायकोसारखं एकत्र राहिलेली बाईही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बसते.

आमच्या लेखी ही सेवा पाचपैकी साडेतीनची. मारहाण झालेल्या रात्रीपुरती ती चांगली आहे, पुढच्या सहा महिन्यांना अपुरी पडते. अर्धा गुण कागदांसाठी आहे, तो बाईने स्वतः मागून घेतला तरच पदरात पडतो.

आधी पोचण्याचं बोलू, कारण खेड्यातल्या बाईचं अर्धं त्राण तिथंच संपतं. धारणीहून अमरावती म्हणजे घाटातून दीडशेच्या आसपास किलोमीटर. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे खरं, पण संध्याकाळी शेवटची गाडी निघून गेली की अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग? जीवाला धोका असेल तर ११२ लावा, पोलिसांची गाडी येते. ‘कुठं जाऊ, काय करू’ एवढंच विचारायचं असेल तर १८१. फोन करताना गावाचं नाव, तालुका, जवळचा थांबा किंवा शाळा सांगायची. ‘माझ्या घरी’ म्हटल्यावर गाडी कुठं येणार? लेकरांचा नियम आधी माहीत असावा: मुली कितीही वयाच्या चालतात, मुलगा बारा वर्षांपर्यंत. तेरा-चौदाचा पोरगा असेल तर त्याची मामाकडे सोय लावूनच निघावं, नाहीतर दारात उभं राहून ठरवायची पाळी येते. शाळेचा दाखला सासरच्या गावात अडला म्हणून लेकरू घरी बसवू नका. सहा ते चौदा वयाच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला एवढ्या कारणावर नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

केंद्रात पोचल्यावरचा सर्वात मोलाचा कागद म्हणजे घरगुती घटना अहवाल, ज्याला सगळे ‘डीआयआर’ म्हणतात. संरक्षण अधिकारी (याच कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी) तो भरून न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवतात. बाईने सांगितलेलं जसं लिहून घेतलं त्याची प्रत तिला लगेच आणि मोफत द्यायची, हे नियमात आहे. ‘नंतर या’ म्हटलं तर ‘नियमात लगेच आहे’ असं नम्रपणे, पण खुर्चीवरून न उठता सांगावं.

हा अहवाल बहुतेक वेळा दोन जागी पातळ होतो. पहिली जागा तारखांची. ‘नेहमी मारतो’ या वाक्यावर न्यायालयाला काही करता येत नाही. खेड्यातल्या बाईला इंग्रजी तारीख आठवत नाही, पण सण आणि शेत पक्कं आठवतं. ‘तान्ह्या पोळ्याच्या दिवशी’, ‘कापसाची दुसरी वेचणी चालू होती तेव्हा’, ‘रोवणीचे पैसे आले त्या रात्री’. तसंच सांगा. तान्हा पोळा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, त्यामुळे कालनिर्णय उघडून लिहिणाऱ्याला तारीख काढता येते. पहिला प्रसंग, सर्वात वाईट प्रसंग आणि शेवटचा प्रसंग, एवढे तीन तरी तारीख, जागा आणि कोणी पाहिलं यासह असावेत.

दुसरी जागा पैशाची. मारहाण लिहिली जाते, पैशाचा छळ राहून जातो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३ मध्ये आर्थिक छळ स्पष्टपणे धरलेला आहे. मजुरी काढून घेणं, कापसाचा चुकारा आला तरी घरखर्च न देणं, मंगळसूत्र गहाण टाकणं, तिच्या नावावर गटाचं कर्ज काढून स्वतः वापरणं, एटीएम कार्ड ताब्यात ठेवणं, हे सगळं त्यात येतं. हे अहवालात आलं नाही तर पुढे पैसे मागताना ‘आधी का नाही सांगितलं’ हा प्रश्न समोर येतो. स्त्रीधनाची यादी त्याच दिवशी करावी: दागिना कोणता, अंदाजे वजन, कोणी घातला, आता कोणाकडे. पावती नसेल तर लग्नाचा फोटो चालवून पाहावा. भांडी, कपाट, शिलाई मशीन, माहेरून आलेली बकरी, सगळं लिहावं.

अंगावर वळ असतील तर आंघोळ किंवा मलम करण्याआधी सरकारी दवाखान्यात दाखवा आणि डॉक्टरला ‘नवऱ्याने मारलं’ असं शब्दांत सांगा. ‘पडले’ असं सांगितलं तर केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत तोच कागद पुढे येतो. केसपेपरचा फोटो काढून माहेरच्या विश्वासू माणसाला पाठवून ठेवा.

आता समुपदेशन. नवऱ्याला बोलावून दोघांना समोरासमोर बसवायची घाई जिथं होते, तिथं आम्ही गुण कापतो. याच कायद्याच्या २००६ च्या नियमांतला नियम १४ सांगतो की समुपदेशनात नवऱ्याला मारहाणीचं समर्थन करू द्यायचं नाही. ‘तिनं तोंड चालवलं म्हणून’ हे वाक्य आलं की बैठक तिथंच थांबायला हवी. तडजोड बाईला हवी असेल तरच. गावच्या चार लोकांच्या बैठकीपेक्षा हे कितीतरी बरं, कारण गावात स्टॅम्पपेपरवर ‘फारकत’ लिहून अंगठा घेतात आणि खाली हळूच एक ओळ असते: ‘मला पोटगी नको, दागिने मिळाले.’ अशा कागदाने लग्न आपोआप मोडत नाही. जातीची रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. मात्र ती ओळ पुढे अडचण करते. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही, वाचून दाखवलं तरी त्या दिवशी नाही.

केंद्रात मुक्काम पाच दिवसांपर्यंतचा असतो. पाच दिवसांत बाईची झोपसुद्धा जागेवर येत नाही, पण योजना तेवढीच आहे. जास्त काळ राहायचं तर केंद्र सरकारच्या ‘मिशन शक्ती’ या महिला योजनेखालची ‘शक्ती सदन’ (आधीचं स्वाधार गृह) ही पुढची पायरी. तिथं साधारण तीन वर्षांपर्यंत राहता येतं. बदलीचं पत्र चौथ्या दिवशी नाही, दुसऱ्याच दिवशी मागा.

या पाच दिवसांत पैशाच्या बाबतीत जे उरकायचं, ते केंद्राच्या कामात धरलेलंच नाही. आमची मोठी तक्रार हीच. सिमकार्ड नवऱ्याच्या नावावर असेल तर तो ते बंद करू शकतो किंवा दुसरं काढू शकतो, म्हणून आधी स्वतःच्या आधारवर नवं सिम. मग व्हॉट्सॲपमधली ‘जोडलेली उपकरणे’ उघडून अनोळखी फोन काढून टाकणं, आणि गुगल खातं त्याच्या फोनवर उघडं असेल तर पासवर्ड बदलणं. मग आधार केंद्रात जाऊन नवा नंबर जोडणं. त्याला जुन्या नंबरवरचा ओटीपी लागत नाही, बोटांचे ठसे लागतात. त्यानंतर जनधनचं शून्य शिलकीचं खातं, सासरच्या गावच्या शाखेत नाही, दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टाच्या बँकेत.

एवढं करूनही घोळ होतो, कारण खातं उघडलं म्हणजे पैसे तिथं येतात असं नाही. सरकारी अनुदान आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत जातं. नव्या बँकेत ‘आधार सीडिंग’चा वेगळा संमती फॉर्म भरला नाही तर लाडकी बहीणचे १,५०० रुपये जुन्याच खात्यात पडत राहतात, ज्याचं कार्ड नवऱ्याच्या खिशात आहे. फॉर्म भरल्यावर आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. नव्या बँकेचं नाव दिसलं तरच काम झालं. लाडकी बहीणच्या २०२५ च्या ई-केवायसीत (ऑनलाइन ओळख-पडताळणीत) नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपी मागितला गेला आणि वेगळ्या राहणाऱ्या बायका नेमक्या तिथं अडल्या. अंगणवाडी सेविकेला केसचे कागद दाखवून विचारा, नवऱ्याला फोन करून ओटीपी मागू नका. त्या एका ओटीपीच्या बदल्यात तो काय मागेल ते सांगायला नको.

घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या बाईला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करता येतो. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे, म्हणून उत्पन्नाचा दाखला सासरच्या शेतीवर न निघता तिच्या स्वतःच्या मजुरीवर निघाला पाहिजे. तलाठ्याला हे आधीच समजावून सांगा. रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला मिळवणं हे त्याहून चिवट काम. सासरचे देत नाहीत, दुकानदार हात वर करतो. तहसीलच्या पुरवठा शाखेत डीआयआरची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

बचतीच्या गोष्टी सगळे सांगतात, पण विदर्भातल्या गावात निघालेल्या बाईचं कंबरडं बहुधा हप्त्याने मोडतं. समजा, महिन्यात १२ दिवस काम मिळालं, रोज ३०० रुपये. झाले ३,६००. वर १,५०० धरले तर ५,१००. त्यातून मायक्रोफायनान्सचा २,२०० चा हप्ता गेला तर उरले २,९००, आणि त्यात दोन लेकरं. कर्ज तिच्या नावावर असेल तर ‘पैसे नवऱ्याने वापरले’ हे कंपनी ऐकत नाही, कागदावर ती कर्जदार आहे. तरी हातात दोन गोष्टी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार मायक्रोफायनान्सची वसुलीवाली माणसं सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर तगादा लावू शकत नाहीत. आणि हप्ता कमी करून मुदत वाढवून मागता येते, मात्र लेखी, आणि हप्ता थकायच्या आधी. एक हप्ता भरायला दुसऱ्या गटाचं कर्ज काढू नका. आपल्या नावावर एकूण किती कर्जं आहेत हे ठाऊक नसेल तर क्रेडिट अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. कधीच न घेतलेलं कर्ज त्यात निघालं तर पोलिसांत आणि कंपनीत लेखी तक्रार.

वकिलासाठी दागिने विकायची गरज नाही. जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, १५१०० वर विचारता येतं. अर्ज कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खाली होतो, आणि ती माहेरी तात्पुरती राहत असेल तर माहेरच्या तालुक्यातही चालतो. सासरच्या गावी तारखेला जायची सक्ती नाही. सोबत कलम २३ खाली अंतरिम मागणी जोडायला वकिलाला आठवण करा, नाहीतर पैसे निकालापर्यंत थांबतात. कायद्यात पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत म्हटलंय. वाचायला छान आहे, घर त्या हिशेबावर चालवू नका. नवरा पगारदार असेल, मग तो जिनिंगमध्ये असो की शाळेत, तर पगारातून थेट रक्कम वळवण्याचा आदेश मागता येतो. तो शेतकरी असेल तर सातबारा, पीककर्ज आणि विकलेल्या मालाच्या पावत्या मिळवाव्या लागतात.

स्वतःचं उत्पन्न लपवू नका. उत्पन्न-मालमत्तेच्या शपथपत्रात ‘काहीच कमवत नाही’ लिहिलं आणि समोरच्याने वेचणीचा हिशेब काढला, तर बाकीच्या खऱ्या गोष्टीही खोट्या वाटू लागतात. मजुरी लिहा, ती वर्षात कोणते महिने नसते तेही लिहा. आणि तारीख चुकवू नका, काही अर्ज निव्वळ गैरहजेरीने निकाली निघतात.

मनाच्या बाजूला केंद्राची सेवा तोकडी आहे, दोन-तीन बैठकांत संपते. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो. मोटारसायकलचा आवाज आला की छाती धडधडते, झोप लागत नाही, आणि लाज वाटेल इतकी त्याची आठवण येते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही, वटसावित्रीला शेजारीण तोंड फिरवते, हे दिवस जड जातात आणि परत जायचा विचार बहुधा तेव्हाच येतो. परत गेली म्हणून केंद्राचं दार बंद होत नाही, पुन्हा येता येतं. माहेरच्यांना हे कोणी सांगत नाही, म्हणून इथं. घरात रोज खटल्याची गोष्ट काढू नये, त्यासाठी आठवड्याचा एक दिवस ठरवावा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत २०१५ पासून सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पाचे समुपदेशकही जिल्हा रुग्णालयात विचारावेत. ते फक्त शेतकऱ्यांसाठी असतात असा समज आहे, शेतकरी घरातली बाई त्यातच येते. फवारणीचं औषध तिच्या मुक्कामाच्या घरात ठेवू नका. शेतातल्या खोपीत, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. मरायचं बोलली तर तिला एकटं न सोडता त्याच क्षणी फोन लावा.

उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) बचत गटात सासरी असताना भरलेली रक्कम तिचीच आहे. गाव सोडताना गटाच्या सचिवाकडून तिच्या बचतीचा, व्याजाचा आणि थकबाकीचा हिशेब सहीनिशी घ्या. माहेरच्या गटात नाव घालताना तो कागद दाखवला तर ओळखीच्या आधारावर थांबावं लागत नाही. गटाची वही सासरच्या जावेकडे असेल तर ग्रामसंघाच्या (गावातल्या सगळ्या गटांच्या संघाच्या) बैठकीत मागा, तिच्या घरी जाऊन नको.