इंग्लिश कॉन्ट्रॅक्ट लॉ: भाडेकरू म्हणून वापरल्यानंतरचा अनुभव

ऑफर, ॲक्सेप्टन्स, कार्बोलिक स्मोक बॉलचा गाजलेला खटला हे सगळं तुमचं वाचून झालं असेलच, ते उगाळत नाही. रोजच्या वापराला हा कायदा झकास आहे. स्टॅम्प पेपरची कटकट क्वचितच, बहुतेक करार ईमेलवरही पक्के होतात. माझं भांडण एकाच पार्टशी आहे: कन्सिडरेशन, म्हणजे वचन बंधनकारक व्हायला त्याच्या बदल्यात काहीतरी द्यावं लागतं, हा नियम.

मी इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये भाड्याने राहायचो. ऐन थंडीत बॉयलर बंद पडला. घरमालकाचा ईमेल आला, दुरुस्ती होईपर्यंत महिन्याला १५० पाउंड कमी द्या. तसे दिले. घर सोडताना एजंटचं पत्र: कमी दिलेले पैसे भरा, सवलतीच्या बदल्यात तुम्ही काही दिलं नव्हतं, म्हणून ती बंधनकारक नाही.

संतापून वाचायला बसलो, तर या म्हणण्याला चक्क आधार निघाला. १८८४ चा फोक्स विरुद्ध बीअर खटला. डॉ. फोक्सकडून बीअरबाईंचे २,०९० पाउंड येणं होतं. ५०० आत्ता आणि बाकीचे हप्त्यांनी दिलेत तर कारवाई करणार नाही, असं बाईंनी लिहून दिलं. डॉक्टरांनी पैसे फेडले. मग बाईंनी व्याज मागितलं आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) ते देववलं! कारण जे द्यायचंच होतं ते दिलं, त्यात नवीन काय? मूळ १६०२ च्या पिनेल खटल्यात आहे: कमी पैशांत पूर्ण कर्ज फिटत नाही, पण घोडा, ससाणा किंवा झगा दिला तर फिटू शकतं. म्हणजे सवलतीच्या बदल्यात घरमालकाला चिवड्याचा एक पुडा दिला असता तरी काम झालं असतं. दोन पाउंडांत!

आपल्या १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम ६३ बघा. ज्याचं येणं आहे तो ते पूर्ण किंवा अंशतः सोडू शकतो, बदल्यात काही नको. साहेबाने आपल्याला दिलेलं मॉडेल त्याच्या घरच्यापेक्षा सरस. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाला फोक्सचा नियम दुरुस्त करायची संधी होती, तीही सोडून दिली. इथवर एक स्टार.

आता तीन करतोय, कारण १९४७ चा हाय ट्रीज खटला सापडला. युद्धात लंडनमधले फ्लॅट रिकामे पडले म्हणून वर्षाचं २,५०० पाउंडांचं भाडं निम्मं केलं होतं. न्यायाधीश डेनिंग म्हणाले, परिस्थिती सुधारल्यावर पूर्ण भाडं मागा, मधली तूट मागू नका. हे खरं तर ओघात मांडलेलं मत, पण टिकलं. याच्या जोरावर दावा लावता येत नाही, बचाव तेवढा होतो. मला तेवढाच हवा होता.

शिवाय १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम ११ नुसार हीटिंग चालू ठेवणं घरमालकाचंच काम. सवलत मिळतेय म्हणून भरपाईचा दावा करत नाही, असं मी तेव्हाच उत्तरात लिहिलं होतं. दावा सोडणं हेही कन्सिडरेशनच! वकिलाची फी परवडणारी नव्हती, एजंटला हे सगळं सांगणारं पत्र मीच लिहिलं.

बरेच दिवस शांतता. मग एजंटचा ईमेल: 'सदिच्छा म्हणून बाकी माफ करत आहोत.'

सदिच्छा म्हणून, म्हणजे पुन्हा फुकट! एक पाउंड पाठवून भागत नाही, तो बाकीतलाच धरतील. पातळ पोह्यांच्या चिवड्याचा पुडा पोस्टाने पाठवला आणि 'माफीच्या बदल्यात मिळाला' अशी पोच लेखी मागितली आहे.