३-५००झेडची जोडी: शोध, खरेदी आणि काही महिन्यांचा वापर

रेडिओ ट्रान्समीटरची शक्ती वाढवणाऱ्या लिनिअर ॲम्प्लिफायरमध्ये ३-५००झेड या निर्वात नळ्यांची, म्हणजे ट्यूबची, जोडी बसवून आता बरेच महिने झाले. ट्यूब कशा चालल्या ते सांगतोच, पण आधी शोधाबद्दल, कारण खरा वेळ तिथेच गेला. माझं मत असं झालंय की दुकान नंतर शोधावं, मूळ उत्पादकाची डेटाशीट (ट्यूबचे आकडे आणि मर्यादा देणारा कागद) आधी मिळवावी. ती वाचलेली नसेल तर विक्रेत्याला काय विचारायचं हेच कळत नाही.

आयमॅक या ट्यूब बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या डेटाशीट स्कॅन होऊन फुकट मिळतात. ३-५००झेडचं फिलामेंट (आतली तापणारी तार) ५ व्होल्टवर सुमारे १४.५ अँपिअर घेतं, म्हणजे नुसत्या फिलामेंटचीच सत्तर वॉटच्या वर उष्णता. त्यामुळे ट्रान्समिट करत नसतानाही पंखा चालूच लागतो. पिनांकडच्या सील (काच आणि धातूचे सांधे) २०० अंश सेल्सिअसच्या आत राहायला हव्यात. हवा कमी पडली की पिनांमधलं सोल्डर वितळतं, आणि मग लोक ट्यूबलाच दोष देतात.

शोधताना नावांचा घोळ फार. ८८७७ आणि ३सीएक्स१५००ए७ एकच, ४सीएक्स२५०बी आणि ७२०३ एकच, रशियन जीयू-७४बी हीच ४सीएक्स८००ए म्हणूनही विकली जाते. एकाच नावाने शोधलं की बराच माल दिसतच नाही. रशियन ट्यूबचं नाव सिरिलिक अक्षरांत टाकून पाहा, यादी लगेच वाढते. त्या ट्यूबसोबत कारखान्याचा छापील कागद, म्हणजे 'पासपोर्ट', असेल तर उत्तम.

'न वापरलेला जुना साठा' या शब्दांना मी फारशी किंमत देत नाही. खोकं सीलबंद असलं तरी वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या ट्यूबमध्ये थोडा वायू साचू शकतो. म्हणून प्रत्येक विक्रेत्याला तेच विचारलं: फिलामेंट किती करंट घेतं, ग्रिड (मधली नियंत्रण जाळी) आणि फिलामेंट शॉर्ट नाहीत ना, ॲनोड (उच्च व्होल्टेजचं बाहेरचं टोक) ते ग्रिड उच्च व्होल्टेजवर गळती किती, आणि बिघाड निघाला तर परत घेणार का? एकाने फक्त 'टेस्टेड ओके' एवढंच कळवलं. त्याला तिथेच सोडला. ज्याने आकडे पाठवले त्याच्याकडून, महाग पडूनही, जुळवलेली (सारख्या आकड्यांच्या दोन ट्यूबची) जोडी घेतली. दुहेरी खोक्यात, फिलामेंट उभं राहील अशी पाठव, असंही बजावलं. फिलामेंटचं थोरिएटेड टंगस्टन (थोरियम मिसळलेलं टंगस्टन) ठिसूळ असतं. रेडिओ केंद्रांतून काढलेल्या आणि पुन्हा बांधलेल्या ट्यूबही बाजारात असतात, पण तो मार्ग मोठ्या सिरॅमिक ट्यूबसाठी. काचेच्या ३-५००झेडसाठी त्यात पडू नका.

आल्यावर पिन १ आणि ५ मध्ये सलगता पाहिली (फिलामेंट तिथे, २, ३, ४ म्हणजे ग्रिड) आणि काही तास फक्त फिलामेंट चालू ठेवलं. मग कमी ॲनोड व्होल्टेजवर हळूहळू भार वाढवला, ॲनोड फिकट लाल दिसेपर्यंत. नवीन माणूस हा लाल रंग पाहून घाबरतो. पण या ट्यूबच्या ॲनोडवरचं झिर्कोनियमच गेटरचं, म्हणजे ट्यूबमधला उरलेला वायू शोषण्याचं, काम करतं, आणि तेही तापल्यावरच. अगदी जपून, गार गार चालवणं हिला मानवत नाही.

फिलामेंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरवर मोजू नका, सॉकेटच्या पिनवर मोजा. एवढ्या करंटला वायरमध्येच बरंच व्होल्टेज पडतं. माझ्याकडे ते ४.७५ ते ५.२५ च्या मध्येच राहिलंय. ग्रिड करंट, ॲनोड करंट आणि आउटपुट वहीत लिहितो. आउटपुट अजून बसवल्या दिवसाइतकंच आहे. झाकण उघडण्याआधी कपॅसिटर डिस्चार्ज करून मीटरने खात्री करतो. तीन हजार व्होल्ट दुसरी संधी देत नाहीत.

तक्रार एकच, आणि ती ट्यूबची नाही. मूळ एसके-४१० सॉकेट आणि एसके-४०६ चिमणी (ट्यूबभोवती हवा नेणारी नळी) मिळवणं ट्यूबपेक्षा कठीण गेलं. मिळालेल्या पर्यायी सॉकेटचे संपर्क सैल निघाले, पिना तापत होत्या. शेवटी ते बदलूनच घ्यावे लागले.