वर्गात कोणता दाखवावा: ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ की ‘हकीकत’?

वर्षातून एकच युद्धपट दाखवायला मिळणार असेल तर कोणता दाखवावा, हा प्रश्न आम्हा इतिहास शिकवणाऱ्यांत दरवर्षी निघतो. मी आठवी-नववीला हे दोन्ही दाखवले आहेत. व्ही. शांताराम यांचा ‘कोटणीस’ १९४६ चा, चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ १९६४ चा. दोन्ही कृष्णधवल, दोन्ही हिंदी आणि दोन्हींत चीन आहे. एकात जपानी आक्रमणात होरपळणारा शेजारी, दुसऱ्यात लडाखमध्ये चालून आलेला शत्रू. मध्ये अठराच वर्षं गेलेली.

‘कोटणीस’ची मोठी सोय म्हणजे तो खऱ्या आयुष्याशी ताडून पाहता येतो. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे मुलांना आवर्जून सांगा. चीनमध्ये कोटणीसांनी परिचारिका असलेल्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा: ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. हे नाव फळ्यावर फोडून लिहिलं की वर्ग एकदम शांत होतो.

चित्रपटात डॉक्टर साथीच्या रोगाशी झुंजताना स्वतःच त्याला बळी पडतात. प्रत्यक्षात ते ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने गेले, वय अवघं बत्तीस. चित्रपट संपल्यावर मी फळ्यावर दोन रकाने आखतो, ‘पडद्यावर’ आणि ‘खरोखर’. एकदा एका मुलीने विचारलं, “सर, फिट येऊन गेले तर ते कमी मोठे ठरतात का? मग बदललं कशाला?” इतिहास आणि मूल्यशिक्षण असे दोन्ही तास त्या एका प्रश्नात झाले.

अडचणी आहेतच. चिनी पात्रं आपलेच नट करतात, छिंगलानच्या भूमिकेत जयश्रीबाई आहेत. संवादांची जुनी ढब मुलांना पहिली दहा मिनिटं परकी वाटते. मग सवय होते.

‘हकीकत’ची ताकद वेगळी आहे. लडाखचे उघडे डोंगर, थंडी, तुटपुंजी सामग्री आणि एकेक करून कमी होत जाणारी तुकडी. मदनमोहन यांचं संगीत आणि कैफी आझमींचं ‘कर चले हम फ़िदा’ आजही मुलांना हलवून सोडतं. १९६२ च्या भारत-चीन युद्धातल्या पराभवावर इतक्या लवकर चित्रपट काढणं हेही धाडसच. पण इतिहास म्हणून तो अपुरा पडतो. पात्रं काल्पनिक आहेत, प्रेमकथा बरीच जागा घेते. अक्साई चीनमध्ये चीनने बांधलेला रस्ता काय, आपलं पुढे चौक्या उभारण्याचं धोरण काय, हे सगळं तुम्हालाच सांगावं लागतं. १८ नोव्हेंबर १९६२ ला लडाखमधल्या रेझांग ला या खिंडीत मेजर शैतान सिंग आणि त्यांच्या कंपनीतले शंभराहून अधिक जवान कसे लढता लढता पडले, तेही जोडून सांगा. शिवाय लांबी जवळजवळ तीन तासांची, म्हणजे शाळेचे चार-पाच तास गेलेच.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. पहिल्या वर्षी मी ‘हकीकत’ चर्चेशिवाय दाखवला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ईशान्य भारतातून आलेल्या आमच्याच एका विद्यार्थ्याला मुलं ‘चिनी’ म्हणून चिडवत होती. त्याने डबा न खाताच बंद केला. चूक मुलांची कमी, माझी जास्त होती. शौर्य दाखवताना द्वेषही आपसूक शिकवला जातो, याचं भान मी ठेवलं नव्हतं.

म्हणून आठवी-नववीला एकच दाखवायचा तर माझं मत ठामपणे ‘कोटणीस’ला. दहावीच्या मुलांसमोर ‘हकीकत’ जरूर ठेवा, पण ‘कोटणीस’नंतर, आणि पूर्ण न दाखवता चौकीवरचे प्रसंग आणि शेवट निवडून. शेवटचं गाणं संपल्यावर लगेच दिवे लावू नका, मुलांना डोळे पुसायला वेळ द्या. मात्र तासाची घंटा व्हायला निदान वीस मिनिटं राहतील असं बघा. त्या वीस मिनिटांत यिनह्वाचं नाव पुन्हा एकदा फळ्यावर लिहा.