इनव्हिजिबल ग्रिल बसवून घेण्यापूर्वी: बडोद्यातील एका फसवणुकीची हकीकत

उत्तरायण जवळ आले की बडोद्यातील मुलांचा मुक्काम गच्चीवर आणि खिडकीशी असतो. नेमक्या त्याच दिवसांत मांजलपूर भागातील सोसायट्यांमधून खिडक्यांना ‘इनव्हिजिबल ग्रिल’, म्हणजे गजांऐवजी ताणलेल्या बारीक तारांची, लांबून न दिसणारी जाळी, बसवून देणाऱ्यांची पत्रके फिरू लागतात. आमची सदनिका चौथ्या मजल्यावर आहे आणि नात नुकतीच खुर्च्यांवर चढू लागली होती, म्हणून आम्ही अशाच एका विक्रेत्याला बोलावले.

त्याने आणलेला नमुना अस्सल होता, हे आधी सांगितले पाहिजे, कारण या फसवणुकीची सारी भिस्त त्या नमुन्यावरच असते. नायलॉनचे आवरण असलेल्या, ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या तारा दोन-दोन इंचांवर घट्ट ताणलेल्या होत्या. त्याने तारेला लोहचुंबक लावून दाखविले, ते चिकटले नाही, आणि मग “पंदर वरसनी वॉरंटी, अमेरिकन स्टँडर्ड छे” (पंधरा वर्षांची वॉरंटी, अमेरिकन मानकाचा माल आहे) असे सांगून चौरस फुटाच्या दराने निम्म्याहून अधिक रक्कम आगाऊ घेतली.

काम झाले ते घरात कोणी मोठे माणूस नसताना, घाईघाईने. तारांमधील अंतर पाच इंचांच्या आसपास निघाले. विचारले तेव्हा “मजबुती तीच, दिसायला उलट छान” असे उत्तर मिळाले. ज्या अमेरिकन मानकाचा तो हवाला देत होता, त्या एएसटीएम एफ २०९० नुसार चार इंच व्यासाचा गोळाही आरपार जाता कामा नये. शिवाय तार सैल असेल, तर मुलाच्या रेट्याने ती बाजूला सरते आणि मोजपट्टीवर चार इंच भरणारी फटही प्रत्यक्षात रुंदावते. त्यामुळे अंतर मोजताना तार हाताने जोरात दाबूनच मोजावे.

पावसाळ्यात तारांच्या टोकांशी, जिथे आवरण संपते तिथे, तांबूस डाग दिसू लागले. मकरपुऱ्यातील एका प्रयोगशाळेत तुकडा तपासून घेतला. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते; आमच्या तारेत ते नावालाही नव्हते, निकेल कमी आणि मँगनीज भरपूर होते, म्हणजे ती २०० मालिकेतील स्वस्त तार होती. लोहचुंबक ३१६ ला चिकटत नाही तसे या स्वस्त पोलादालाही बहुधा चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाचा तो प्रयोग म्हणजे निव्वळ नजरबंदी होय.

याहून गंभीर गोष्ट पट्टीखाली लपलेली होती. ज्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत तारा अडकवतात, ती विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोलवर अँकरने, म्हणजे भिंतीत रुतून बसणाऱ्या लांब बोल्टने, धरलेली असावी लागते. आमच्याकडे प्लास्टरपुरतेच आखूड स्क्रू प्लास्टिकच्या गिट्टीत बसविले होते, आणि फॅब्रिकेशनच्या कारागिराने पट्टी हाताने ओढताच ती गिलाव्यासकट सुटून आली. ही जाळी नसती तर निदान खिडकी बंद तरी ठेवली असती.

तोवर विक्रेत्याचा फोन बंद झाला होता. बिलावरील जीएसटी क्रमांक २४ या गुजरातच्या संकेतांकानेच सुरू होत होता, पण पंधराऐवजी चौदाच अक्षरांचा होता. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी हा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो, आणि तारेचा दर्जा, अंतर व अँकरची लांबी बिलावर लिहून द्यायला जो तयार नसेल त्याला तिथल्या तिथे निरोप द्यावा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदविली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही अर्ज करीत आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. अर्जासोबत मूळ पत्रक, बिल, प्रयोगशाळेचा अहवाल आणि उखडलेल्या पट्टीची छायाचित्रे जोडत आहोत. खिडक्यांना आता उभ्या गजांची साधी लोखंडी ग्रिल आहे; आडव्या पट्ट्यांची मुलांना शिडी होते म्हणून ती टाळली, आणि आगीच्या वेळी बाहेर पडता यावे यासाठी एका खिडकीला कुलपाचे झडप ठेवले आहे.