सोनारांची ड्रॉ-प्लेट, जहाजाच्या खुंट्यांसाठी

झवेरी बाजारात सोनारकामाची हत्यारं विकणारी दुकानं आहेत, तिथल्याच एका दुकानातून ही ड्रॉ-प्लेट घेतली. सोन्याचांदीची तार बारीक करायची पोलादी पट्टी, ओळीने लहान होत गेलेली भोकं. मी तिच्यातून बांबू ओढतो.

सध्या घरात 'त्रिंकोमाली' या जहाजाच्या मॉडेलचं काम चालू आहे. ब्रिटिश नौदलाची ही फ्रिगेट वाडियांनी इथे मुंबईत सागवानात बांधली, १८१७ साली पाण्यात उतरवली. मूळ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला आहे. तोफांचा डेक दीडशे फुटांचा, म्हणजे १:६४ ला सत्तर-बहात्तर सेंटिमीटर. डोंबिवलीच्या फ्लॅटला याहून मोठं झेपत नाही. किट वगैरे नाही, आराखड्यावरून सगळं हातानेच. फळ्या मात्र हळदूच्या. सागाची छिद्रं या मापाला गटारासारखी दिसतात.

तर अशा जहाजांच्या डेकवर खिळा आत दाबून वर लाकडी बूच ठोकत. ते दीड इंची धरलं तर माझ्या मापाला ०.६ मिलिमीटर. एवढी बारीक गोल काडी विकत मिळत नाही. टूथपिक घासत बसलात तर बोटांतच मोडते.

इथे ही पट्टी कामाला येते, फक्त ती उलटी धरायची. प्रत्येक भोकाचं एक तोंड पसरट, दुसरं अरुंद. सोनार पसरट बाजूने तार घालतो, कारण त्याला धातू दाबून लांबवायचा असतो. लाकूड असं दबत नाही, ते तासावं लागतं. म्हणून काडी अरुंद तोंडाकडून घालायची, म्हणजे भोकाची कडक धार तिला सोलत जाते. दुकानदाराला हे सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

बांबू करवतीने कापायचा नाही, चिरायचा. कबाबच्या काड्या चालतात, पण गाठ नसलेला तुकडा निवडा. धारदार पात्याने उभी फाक केली की रेषा सरळ राहते आणि ओढताना तुटत नाही. टोक निमुळतं करून पट्टी व्हाइसमध्ये पक्की बसवायची, पलीकडून पकडीने धरून संथ, सरळ ओढायचं. एकही भोक गाळायचं नाही. घाई करून १.० वरून थेट ०.७ ला गेलात तर काडी तुटून आत अडकते, आणि ती सुईने टोकरून काढण्यात संध्याकाळ जाते. हळदू आणि साग दोन्ही ओढून पाहिले. १ मिलिमीटरच्या आसपासच दम तोडतात. बांबूचे धागे लांब, म्हणून तोच टिकतो.

आता तक्रारी. टूलरूममध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे पट्टीवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायची सवय नाही. व्हर्नियर लावलं तर ०.६ च्या भोकातून आलेली काडी ०.६५ भरली. सोनाराला फरक पडत नसेल, मला पडतो, कारण ड्रिल ०.६ चं आहे. म्हणून शेवटी त्याच्या खालच्या भोकातून एकदा काढतो. दुसरं म्हणजे नव्या पट्टीला तेल लागलेलं असतं. ते थिनरने नीट पुसा, नाहीतर काडी तेल पिते आणि फेविकॉल धरत नाही. तिसरं, आकडे इतके बारीक की भिंग लागतं. मी मार्करने ओळी रंगवून ठेवल्या आहेत.

बाकी सोपं आहे. पिन व्हाइसने (बोटांनी फिरवायचं बारीक ड्रिल) भोक पाडा, काडीच्या टोकाला फेविकॉल, आत खुपसा, नेलकटरने तोडा, वाळल्यावर घासा. हळदूवर बांबूचा ठिपका जेमतेम जाणवतो आणि तेवढाच जाणवायला हवा. डेकवर काळे ठिपके भरलेली मॉडेल्स पाहिली की मला डोमिनो आठवतो.

परदेशात मॉडेलवाल्यांसाठी खास बनवलेल्या पट्ट्या मिळतात, भोकं जास्त नेमकी असतात, पण भाडं आणि कस्टम धरून किंमत कुठल्या कुठे जाते. माझी काही शे रुपयांत आली. घेताना गोल भोकांचीच मागा, चौकोनी आणि अर्धगोलही तिथेच ठेवलेल्या असतात. आणि सर्वांत लहान भोक किती ते आधी विचारा. काही पट्ट्या १ मिलिमीटरलाच संपतात.